चुकलं तर अख्खी बाजू परत

नाटकांचा हंगाम संपला की आम्हा साऊंडवाल्यांची झोप काही लवकर जागेवर येत नाही, दोन-तीन वाजेपर्यंत टक्क जागं, मग काय, मोबाईल. सध्या एकच प्रकार पाहून राहिलो. टँगोवाले (टँगो म्हणजे अर्जेंटिनाकडचं नाचाचं संगीत) एका खोलीत बसून वाजवतात आणि ते तिथल्या तिथे थेट तबकडीवर कोरलं जाते. मध्ये टेप नाही, कॉम्प्युटर नाही, एडिट तर नाहीच. डायरेक्ट-टू-डिस्क म्हणतात.

ॲल्युमिनियमच्या चकतीवर लॅकरचा थर असतो, त्यात गरम केलेली सुई खाच कोरत कोरत आत जाते. निघणारा काळा बारीक धागा बाजूची नळी लगेच ओढून घेते, कारण एक तर तो सुईत अडकू शकतो आणि दुसरं म्हणजे तो भसकन पेटतो. लॅकर म्हणजे नायट्रोसेल्युलोज. २०२० च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातला लॅकर बनवणारा मोठा कारखाना जळून गेला तेव्हा जगातले रेकॉर्डवाले हादरले होते, जपानमधला एकच उरला ना.

आता माझ्या कामाचा भाग. टेपवरून एलपी कोरताना मशीनला पुढचा आवाज जरासा आधीच कळते, त्यामुळे जोराचा भाग आला की खाचा दूर सरकतात, हळू भागात जवळ येतात. थेट कोरताना पुढे काय येणार हे मशीनला कोण सांगणार? मग मशीनवरच्या माणसाला चाल पाठ पाहिजे, नाही तर खाचा सगळीकडे ऐसपैस ठेवायच्या आणि वेळ गमवायचा. बेस जोरात आला की खाच रुंद होते, शेजारच्या खाचेत घुसली की संपलं. एका बाजूवर साधारण पंधरा मिनिटं धरा. आणि दोन गाण्यांच्या मध्ये तबकडी फिरतच असते बरं का, तेव्हा खोकायचं नाही, खुर्ची सरकवायची नाही, कागद उलटायचा नाही, सगळं कोरलं जाते. शिवाय बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला पन्नासेक सेंटीमीटर तबकडी जाते, आत आत गेलं की वीसेकच, म्हणून बारीक सुरांची धार आत बोथट होते आणि शक्यतो शांत गाणं शेवटी ठेवतात.

टँगोच्या ताफ्यात ढोल-ताशा काहीच नसते. दोन बँडोनियन (भात्याचं, बटणांचं वाद्य), दोन व्हायोलिन, पियानो आणि डबल बेस, हा ठरलेला सहा जणांचा संच. ठेका पियानोचा डावा हात आणि बेस धरतो, तो मध्येच रेंगाळतो, थांबल्यासारखा होतो आणि मग सगळे मिळून ठोकतात. हे एकेकाला वेगळं बसवून, कानात टिकटिक देऊन कसं जमणार, एकमेकांचे खांदे दिसले पाहिजेत. ज्याचा आवाज जास्त त्याला माईकपासून मागे बसवायचं, हेच मिक्सिंग.

बँडोनियन मूळ जर्मनीचं, बुएनोस आयरेसला जाऊन टँगोचं झालं. पेटीसारखेच आत स्वर, म्हणजे थरथरणाऱ्या धातूच्या पट्ट्या, असतात, भाता मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी ओढायचा. पण एकच बटण, भाता उघडताना एक सूर आणि मिटताना दुसरा. हे आमच्या पेटीवाल्या काकांना दाखवलं तर म्हणे, "अन् भाता संपला तं? सूर बदलनार का गा मधातच?" प्रश्न एकदम बरोबर आहे. कोणती जागा उघडताना घ्यायची आणि कोणती मिटताना, हे त्यांना आधी बसवून ठेवावं लागते.

जुन्या लोकांचं सगळंच थेट होतं. दारिएंसो, त्रोइलो, दि सार्ली या टँगोच्या ताफेवाल्यांनी १९३०-४० च्या काळात तसंच रेकॉर्ड केलं, आपल्याकडे गायिका गौहर जाननी १९०२ मध्ये कलकत्त्यात तसंच गायलं. पण त्यांची बाजू तीनेक मिनिटांची. चुकलं तर तीन मिनिटं परत. आता चौथ्या गाण्यात चौदाव्या मिनिटाला कोणाचं बोट घसरलं तर पहिल्यापासून चारही गाणी. त्यामुळे "एडिट नाही म्हणजे खरं संगीत" वगैरे जे लिहितात ते मला तितकंसं पटत नाही, चौदाव्या मिनिटाला माणूस जपूनच वाजवणार. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकातही गाणं लाईव्हच असते, पण तिथं बेसूर झालेलं हवेत जाते, सकाळी कोणाच्या लक्षातही राहत नाही, म्हणून गडी बिनधास्त गातो.

मला खरा भावलेला भाग वेगळाच. कोरलेलं लॅकर वाजवून पाहता येत नाही. ते इतकं मऊ की सुई फिरवली की खराब, ते सरळ साचा बनवायला, म्हणजे चांदीचा थर आणि मग निकेल चढवायला जाते. सोबत डिजिटल कॉपी चालू ठेवतात बरेच जण, ते वेगळं. पण ती नसेल तर वाजवून झाल्यावर सहा जणांनी नुसतं आठवून ठरवायचं, ठेवायचं की परत.

हे मी आमच्या खंजेरी भजन मंडळावर करून पाहिलं. तुकडोजी महाराजांची भजनं, मंदिराचे पंखे बंद, दोन माईक, पंधरा मिनिटं न थांबता, आणि अट एकच, ठरवल्याशिवाय कोणी ऐकायचं नाही. संपल्यावर जे भांडण झालं! खंजेरीवाला म्हणे दुसऱ्या भजनात लय पळाली, परत घेऊ. पेटीवाले काका म्हणे, "पळाली नाही, तूच मांगं रायला." टाळवाल्याला काही आठवतच नव्हतं, तो म्हणे मी तर रमलो होतो. शेवटी तीन विरुद्ध दोन, ठेवायचं ठरलं.

मग ऐकलं. लय पळालीच होती, पण दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात, आणि पळवली होती पेटीने. तिथेच भजन सगळ्यात चांगलं लागलं आहे, ते पाचही जणांनी मान्य केलं, काकांनी जरा जास्तच. फाईल मंडळाच्या ग्रुपवर टाकली आहे, सुरुवातीला कुत्रं भुंकते ते तसंच ठेवलं. खंजेरीवाला अजून रागात आहे, पुढच्या एकादशीला तो पेटीच्या समोर बसणार म्हणते.