लंडनमध्ये जुनी गाडी घेताना: साल नंतर, इंधन आधी

लंडनमध्ये सेकंडहँड गाडी घ्यायची म्हटली की आपला पहिला प्रश्न असतो, ‘कुठल्या सालची?’ इथे आधी विचारायचं ते पेट्रोल की डिझेल.

29 ऑगस्ट 2023 पासून यूलेझ, म्हणजे कमी धुराचा पट्टा, शहराच्या सगळ्या बरोंमध्ये, म्हणजे प्रशासकीय विभागांमध्ये, लागू आहे. निकषात न बसणारी गाडी तिथे चालवली की दिवसाला 12.50 पौंड. नाताळचा दिवस सोडून वर्षभर, चोवीस तास. टोलनाका नाही, कॅमेरा नंबरप्लेट टिपतो. हे निकष युरोपच्या धूरमानकांवर ठरतात; आकडा जितका मोठा, तितकं मानक कडक. पेट्रोल कारला युरो 4 पुरतं, म्हणून 2006 ची कारही बहुतेक वेळा सुटते. डिझेलला युरो 6 लागतं, साधारण सप्टेंबर 2015 नंतरचं. 2012 ची चकचकीत डिझेल गाडी इथे अडकते.

यात डिझेलवर अन्याय नाही. नायट्रोजन ऑक्साइडची किलोमीटरला 0.08 ग्रॅम ही मर्यादा पेट्रोलने युरो 4 मध्येच गाठली. त्याच युरो 4 मध्ये डिझेलला 0.25 ची मुभा होती, म्हणजे तिपटीहून जास्त; 0.08 वर डिझेल आलं ते युरो 6 मध्ये. आपल्याकडच्या बीएस-4 कारचे आकडेही हेच आहेत. साउथ सर्क्युलर रस्त्याजवळ राहणारी नऊ वर्षांची एला किसी-डेब्रा 2013 मध्ये दम्याने गेली. 2020 च्या चौकशीत तिच्या मृत्यूच्या कारणांत हवेचं प्रदूषण नोंदवलं गेलं. दशांशचिन्हापुढचे हे आकडे वाचताना ती मुलगी आठवावी.

सौदा करण्याआधी ट्रान्सपोर्ट फॉर लंडनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बघा. दिवस मध्यरात्री बदलतो: रात्री साडेअकराला निघून साडेबाराला पोचलात तर दोन दिवसांचे 25 पौंड. पैसे भरायला प्रवासानंतरच्या तिसऱ्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत मुदत असते, नंतर 180 पौंडांचा दंड; 14 दिवसांत भरला तर निम्मा.

युरो 6 डिझेल घेतलीच, तर नुसत्या शाळा-दुकानाच्या फेऱ्यांना ती वापरू नका. इंजिन पुरेसं तापत नाही, धुराच्या फिल्टरमधली काजळी जळत नाही आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. तेव्हाच मोटरवेवर पंधरा-वीस मिनिटं एका वेगात चालवली तर बहुधा भागतं. बऱ्याच गाड्यांना अ‍ॅडब्लू, म्हणजे धुरातलं नायट्रोजन ऑक्साइड कमी करणारं द्रवही लागतं. ते संपू दिलं तर बंद केलेली गाडी पुन्हा सुरू होत नाही. त्याच्या वेगळ्या टाकीचं झाकण बहुतेक निळं असतं. चुकून डिझेलच्या टाकीत ओतलंत, तर किल्ली फिरवूसुद्धा नका. आधी टाकी रिकामी करून घ्या.