मुलासाठी एंड-लोडेड बॅट शोधली, त्याचा माझा अनुभव

मुलगा हायस्कूलच्या बेसबॉल टीममध्ये गेला आणि बॅटचं सगळं गणितच बदललं. त्याआधी तो ड्रॉप ५ वापरायचा, म्हणजे ३२ इंच लांब आणि २७ औंस वजन. अमेरिकेत हायस्कूलला मात्र इंचातली लांबी आणि औंसातलं वजन यात ३ पेक्षा जास्त फरक चालत नाही, वर बॅटवर बीबीकॉरचा, म्हणजे बॅटची उसळी मर्यादेत असल्याचा शिक्का लागतो. म्हणून आम्ही ३३/३० (इंच/औंस) ची साधी बॅलन्स्ड (टोकाला वेगळं वजन नसलेली), धातूची अ‍ॅलॉय घेतली आणि पहिला सीझन त्यावर काढला. पोरगा अंगाने दणकट, स्विंग जोरकस, बॉल उंच जायचा पण बरेचदा कुंपणाच्या अलीकडे फील्डरच्या हातात पडायचा. सीझन संपताना कोच म्हणाले, याच्यात ताकद आहे, याला एंड-लोडेड देऊन बघा.

मला तेव्हा एंड-लोडेड म्हणजे टोकाला जड एवढंच माहीत होतं. मग घाई केली. ३४/३१ ची एंड-लोडेड कॉम्पोझिट (कार्बन फायबरची) घेतली, कारण नुसती हवेत चार-पाच वेळा फिरवली तेव्हा ती भारी वाटली, बॅरल, म्हणजे बॅटचा जाड भाग, स्वतःच पुढे ओढत नेते असं वाटतं ना तसं. पहिल्या दिवशी केजमध्ये (सरावाच्या जाळीत) सुद्धा बॉल असे सुटत होते की आम्ही दोघं खूश. पण त्याच दिवशी तिसऱ्या राउंडला बॉल राइट साइडला फाऊल जायला लागले (तो उजव्या हाताने खेळतो, म्हणजे बॅट उशिरा येत होती) आणि आतला पिच, म्हणजे अंगाजवळ टाकलेला बॉल, हाताजवळ लागून बोटांना झिणझिण्या. मी म्हटलं होईल सवय. तीन आठवडे झाले तरी तेच. मग एक दिवस गाडीत बसल्या बसल्या तो म्हणाला, "बाबा, हात वेळेवर पोचतात पण बॅट मागून येते." पुढची सगळी शोधाशोध या एका वाक्यावरून झाली.

मुळात बॅटवर लिहिलेलं वजन आणि हाताला जाणवणारं वजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ३० औंसच्या दोन बॅट घ्या, एकीचं वजन हँडलकडे आणि दुसरीचं टोकाकडे, काट्यावर सारख्याच, पण फिरवताना दुसरी सरळ सरळ जड. याला स्विंग वेट म्हणतात. क्रिकेट खेळलेल्यांना बॅटचा पिकअप कळतो, तोच प्रकार. घरी आमच्याकडे तेव्हा दोन ३३ च्या होत्या, आमची अ‍ॅलॉय आणि टीममधल्या एका मुलाची एंड-लोडेड. दोन्ही आडव्या करून बोटावर तोलल्या आणि जिथे स्थिर राहिल्या तिथे टेपचा तुकडा लावला. शेजारी शेजारी ठेवल्यावर दोन टेपमध्ये जेमतेम बोटभर रुंदीचा फरक! एवढ्याशा फरकाने हाताला इतकं वेगळं लागतं हे बघून मी चाटच पडलो. फक्त एक लक्षात ठेवा, नॉबमध्ये (हँडलच्या टोकाच्या गोळ्यात) वजन भरलेलं असेल तर ही बोटाची परीक्षा फसते, कारण तोल मागे सरकतो पण टोकाचं वजन आहे तेवढंच राहतं. म्हणजे फिरवून बघण्याला पर्याय नाही.

मग प्रश्न आला की टोकाला वजन हवंच कशाला. तर बॉल बॅटला एक मिलिसेकंदाहून कमी वेळ टेकतो, आणि तेवढ्यात बॉलला भिडतं ते मुख्यतः त्या जागेचं वजन, हँडलमधलं फारसं कामी येत नाही. आणि बीबीकॉरने बॅरलच्या उसळीला ०.५० ची मर्यादा घातली आहे, म्हणजे कुठलीच बॅट स्प्रिंगसारखी फार पुढे जाऊ शकत नाही, मग बनवणाऱ्यांकडे वजन कुठे ठेवायचं हाच मोठा खेळ उरतो. पण दुसरी बाजू पण तेवढीच पक्की आहे. चांगला बसलेला फटका घेतला तर बॉलच्या वेगात पिचच्या वेगाचा साधारण पाचवा हिस्सा येतो आणि बॅटच्या वेगाच्या साधारण १.२ पट. म्हणजे खरी कमाई बॅटच्या वेगाची, आणि टोकाला वजन वाढलं की तोच वेग कमी होतो. त्यामुळे एंड-लोडेडचा फायदा त्यालाच, ज्याचा वेग वजन वाढूनही टिकतो. आमच्या ३४ मध्ये तो पहिले वीस-पंचवीस स्विंग टिकायचा, नंतर नाही.

मग ठरवलं की दुकानातल्या हवेतल्या स्विंगवर किंवा पहिल्या ताज्या राउंडवर काही ठरवायचं नाही. त्याच्या टीममेट्सकडून बॅट मागितल्या, आमची अ‍ॅलॉय धरून एकूण चार जमल्या. दर वेळी आधी टीवर (बॉल ठेवायच्या स्टँडवर) वॉर्मअप, मग एकाच बॅटने समोरून टाकलेले बॉल, चार राउंड, मध्ये फार विश्रांती नाही, आणि वहीत मी फक्त शेवटचे दहा बॉल लिहायचो. कुठे गेला, उशीर झाला का, हाताला झटका बसला का. रोज बॅटचा क्रम बदलायचा, नाहीतर शेवटी आलेल्या बॅटवर उगाच अन्याय होतो. असं दोन आठवडे केलं. कंटाळवाणं काम आहे, पण मुलगा मनापासून करत होता, उलट त्यालाच आपले आकडे बघायची घाई असायची.

शेवटच्या दहात ३४/३१ सगळ्यात मागे पडली. ३३/३० ची थोडीशीच एंड-लोडेड, टू-पीस कॉम्पोझिट, तीच पुढे आली. तिच्यात बॉल आमच्या अ‍ॅलॉयपेक्षा जोरात सुटत होता आणि आतल्या पिचवर बॅट वेळेत येत होती. टू-पीसमध्ये हँडल आणि बॅरल वेगळे जोडलेले असतात, त्यामुळे चुकीच्या जागी बॉल लागला तर झिणझिण्या कमी. कितीतरी दणकट हिटर्सना एकसंध कडक बॅटच आवडते, त्यांचं त्यांच्या जागी बरोबर असेल, पण माझ्या मुलाला आतल्या पिचची धास्ती बसली होती आणि ती जाणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं.

आता कॉम्पोझिट घेणाऱ्यांसाठी. ही बॅट कार्बन फायबरचे थर रेझिनमध्ये बसवून बनते आणि नवीन असताना कडक असते. क्रिकेटच्या बॅटला नॉकिंग करतात तसं हिलाही खेळून तयार करावं लागतं. आम्ही टीवर अर्ध्या जोराने सुरुवात केली, दर फटक्याला बॅट पाव फेरा फिरवायची, हळूहळू जोर वाढवत साधारण दोनशे फटके. बॉल खरे चामड्याचेच, केजच्या मशीनमधले खड्ड्याखड्ड्यांचे रबरी बॉल अजिबात नाही. सुरुवातीला आवाज बसका होता, शंभरेक फटक्यांनंतर मोकळा होत गेला, ते ऐकायला फार छान वाटायचं.

कोणी म्हणेल रोलिंग करून (म्हणजे रोलरमध्ये दाबून) आणा, लवकर तयार होईल. करू नका. ते नियमाविरुद्ध आहे आणि वॉरंटीही जाते. खेळून खेळून कॉम्पोझिट मर्यादेबाहेर जातात म्हणूनच एनसीएएने (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या संघटनेने) २००९ मध्ये कॉम्पोझिट बॅरल थांबवले होते, मग २०११ पासून कॉलेजला बीबीकॉर आलं आणि २०१२ पासून हायस्कूलला.

थंडी हा या बॅटचा शत्रू. साधारण १५ अंश सेल्सिअसच्या खाली आम्ही ती बॅगेतून काढत नाही, तेव्हा जुनी अ‍ॅलॉय चालते, ती त्यासाठीच ठेवली आहे. रात्री गाडीतही ठेवायची नाही. आणि दर आठवड्याला बॅरलवरून नख फिरवायचं. नुसत्या रंगावरच्या बारीक रेषा असतील तर नख घसरतं, अडकलं तर तडा समजायचा. पावती आणि वॉरंटीचा कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

३४ ची मी विकलेली नाही. पोरगा अजून वाढतोय, पुढच्या सीझनआधी परत वही काढणार, आणि परत शेवटचे दहाच बॉल लिहिणार.