दोष आढळला नाही : खिशातल्या टॉर्चचा माझा अनुभव

गेल्या पावसाळ्यात माझा खिशातला टॉर्च बिघडला आणि तो ताळ्यावर यायला एकोणचाळीस दिवस लागले. प्रत्यक्ष दुरुस्ती दहा मिनिटांची, तीही शेवटी मीच केली. बाकीचे सगळे दिवस कुरिअरच्या काउंटरवर आणि विक्रेत्याच्या ईमेलांत गेले. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे. रोज जवळ बाळगायला लहान टॉर्च घ्यायचा तर काय बघावे, हेही यातच येईल. त्यातले बरेचसे मला टॉर्च बिघडल्यावर कळले.

मी फोंड्यात एका इस्पितळात नर्स आहे. घर सावईवेऱ्याच्या बाजूला, कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत. दुपारपाळी संपवून आले की स्कूटर रस्त्यावरच ठेवायची आणि पुढची सात-आठ मिनिटे पायवाटेने चालायचे. दोन्ही बाजूंना पोफळी, मधे पाट, शेवाळलेल्या चिऱ्याच्या पायऱ्या. पाऊस सुरू झाला की लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. सासरे सांगतात, त्यांच्या लहानपणी याच वाटेने माडाच्या सुक्या झावळ्यांची चूड पेटवून यायचे. मग घरात दोन मोठ्या सेलांची पत्र्याची बॅटरी आली. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात आणि आत घालतात तो सेल. हा एक शब्द पुढे मला चांगलाच नडला.

मोबाइलचा उजेड आहे की, असे सगळे म्हणतात. एका हातात छत्री, दुसऱ्यात डबा, बोटे ओली. भिजलेल्या काचेवर मोबाइल बोट ओळखतच नाही. आणि दिवसभराच्या ड्यूटीनंतर त्यात चार्जिंग किती उरलेले असते ते प्रत्येकाला ठाऊक आहे.

खरेदीचे फार सांगण्यासारखे नाही. आठवडाभर वाचले, ऑनलाइन मागवला, 2,650 रुपये, चौथ्या दिवशी घरी आला. तर्जनीएवढा लांब, अंगठ्याहून थोडा जाड. यात 14500 नावाचा लिथियम सेल बसतो. हा आकडा म्हणजे मापच आहे : 14 मिलिमीटर व्यास, 50 मिलिमीटर लांबी, म्हणजे घड्याळात घालतो त्या मोठ्या पेन्सिल सेलएवढाच. मी हाच निवडला, कारण हा टॉर्च दोन्ही घेतो. लिथियम सेल संपला तर गावच्या दुकानातला पेन्सिल सेल घालून घरी पोचता येते. उजेड कमी पडतो, पण पडतो. सगळे टॉर्च असे नसतात. लिथियमचा 3.7 व्होल्ट आणि साध्या सेलचा 1.5, तेव्हा दोन्ही चालतात असे छापलेले नसेल तर लिथियम घालून बघू नका, आतले सर्किट जळते.

लुमेन म्हणजे टॉर्चच्या एकूण उजेडाचे माप. त्याच्या आकड्यांना मात्र भुलू नका. बोटाएवढ्या टॉर्चवर पाच हजार लुमेन लिहिलेले असते ते खोटे. खऱ्या कंपनीचा मोठा आकडासुद्धा दोन-चार मिनिटांचाच असतो, कारण एवढीशी वस्तू तापते आणि स्वतःच उजेड उतरवते. पायवाटेला शंभर-दीडशे लुमेन भरपूर होतात. अंतराच्या आकड्याचेही तसेच. पाकिटावर ‘100 मीटर’ लिहितात त्याचा अर्थ, तिथे पोचणारा उजेड 0.25 लक्स, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. त्यात साप दिसत नाही. अंतर निम्मे केले की उजेड चौपट होतो, म्हणून मी छापलेल्या अंतराचा चौथा हिस्साच धरते.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो उजेडाचा रंग. पहिला एक स्वस्त टॉर्च घेतला होता, त्याचा उजेड निळसर पांढरा. त्यात चिरा, सुकी पाने, पोफळीच्या पडलेल्या विऱ्या सगळे एकाच राखी रंगाचे दिसे. फुरसे त्याच रंगात मिसळून बसते. रंग खरे दाखवण्याच्या मापाला सीआरआय म्हणतात, शंभरपैकी. साध्या एलईडीचा सत्तरच्या आसपास असतो, मी घेतला तो नव्वदच्या वरचा, रंग-तापमान 4500 केल्विन, म्हणजे ना पिवळा ना निळसर. पहिल्याच रात्री पाटाकडेच्या पानावर हिरवा चापडा बसलेला दिसला, आणि पान वेगळे, साप वेगळा असा स्पष्ट दिसला. इस्पितळात आम्ही देतो ते सर्पदंशावरचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून बनते. चापडा त्यात नाही. तो आधी दिसलेलाच बरा.

एक विसरले. टॉर्च डोळ्यांच्या उंचीवर धरू नका, कमरेच्या खाली धरा. खालून उजेड गेला की दगडाची, खड्ड्याची, सापाच्या वेटोळ्याची सावली लांब पडते आणि वस्तू उठून दिसते. पावसात तर खालीच धरावा लागतो, नाहीतर थेंबच चमकतात आणि वाट दिसत नाही.

आता बिघाडाचे. 11 जुलैच्या रात्री निम्म्या वाटेवर उजेड थरथरला, विझला, तळहातावर आपटल्यावर परत आला. दुसऱ्या दिवशीही तेच. एक वर्षाची वॉरंटी होती, म्हणून विक्रेत्याला लिहिले. तीन दिवसांनी दोन ओळींचे उत्तर आले : बिलासह टॉर्च आमच्या पत्त्यावर पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा.

16 तारखेला ड्यूटीला जाताना फोंड्यात कुरिअरच्या काउंटरवर गेले. फॉर्मवर वस्तूचे वर्णन लिहायचे होते. मी घरात म्हणतो तेच लिहिले : बॅटरी. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म परत सरकवला. “बॅटरी जावचें ना, मॅडम.” म्हणजे जमणार नाही. मी म्हटले, “अरे बाबा, बॅटरी म्हणजे टॉर्च. उजेडाचा.” “आत सेल आहे?” “आहे.” “मग जावचें ना.” रस्त्याने पाठव म्हटले, तर ती सोय त्यांच्याकडे नव्हती, सगळे विमानाने. नियम चुकीचा नाही, हे मला नंतर कळले. सुटे लिथियम सेल प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला 2016 पासून जगभर बंदी आहे, कारण पेटले तर विझवणे कठीण. पण टॉर्चच्या आत बसवलेल्या सेलाचे नियम वेगळे आहेत, आणि ते त्या मुलाला कोणी शिकवले नव्हते. मागे रांग लागली होती. मी पार्सल उचलून ड्यूटीवर गेले.

18 तारखेला परत. या वेळी सेल काढून घरी ठेवला, फॉर्मवर ‘टॉर्च, सेलविना’ लिहिले. त्याने एक प्रतिज्ञापत्र लिहून मागितले की आत ज्वलनशील काही नाही. कागद त्याच्याकडे नव्हता, समोरच्या स्टेशनरीतून आणला, उभ्यानेच लिहिला, सही केली. 180 रुपये घेतले, पावती दिली. मी सुटकेचा श्वास सोडला.

25 तारखेला पार्सल परत. घरी नाही, काउंटरवर. फोन आला की घेऊन जा. वर लाल शिक्का, कारण लिहिलेले नाही. मुलाला विचारले तर “वरून आले”. वरून म्हणजे कुठून ते त्यालाही ठाऊक नव्हते. पैसे परत मिळणार नाहीत. मी तिथल्याच बाकावर बसून पार्सल चारी बाजूंनी निरखले, तेव्हा दिसले. टॉर्च ज्या खोक्यातून आला होता त्याच खोक्यात मी तो घालून पाठवला होता. त्या खोक्याच्या कडेला लाल तिरप्या रेघांच्या चौकटीत सेलांचे चित्र, खाली यूएन 3481 असा आकडा. उपकरणासोबत लिथियम सेल आहे, हे सांगणारी ती खूण. आत सेल नव्हता, पण बाहेर खोके ओरडून सांगत होते की आहे. माझे प्रतिज्ञापत्र पाकिटात, खूण बाहेर. अर्थातच कोणीतरी ते पार्सल बाजूला काढले. हे एक वाक्य फोनवर सांगितले असते तर माझे सात दिवस वाचले असते. काउंटरवरच्या मुलाने तर खोके हातात घेऊन वजन केले होते.

तेव्हा हे आधी लक्षात ठेवा : जुने खोके वापरू नका, आणि फॉर्मवर टॉर्चला बॅटरी म्हणू नका.

त्यात विक्रेत्याचे नवे पत्र. सेल न पाठवल्यास पूर्ण तपासणी होणार नाही. कुरिअर सेल घेत नाही, विक्रेता सेल मागतो. मी दोघांना एकमेकांची पत्रे पाठवली. एकाचेही उत्तर आले नाही. शेवटी 29 जुलैला बुटांच्या साध्या खोक्यात, सेलविना, आत चिठ्ठी लिहून पाठवला : चालताना, हादरा बसला की थरथरतो.

मग एकोणीस दिवस टॉर्चशिवाय. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली, संध्याकाळी माटोळीला (गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या मांडवीला) लागणारी रानफळे कुठे धरली आहेत ते बघत फिरायचे, आणि हातात मोबाइल. एकदा पायरीवर पाय घसरला, मोबाइल पाटात पडला. सासूबाईंनी त्यांची जुनी पत्र्याची बॅटरी माळ्यावरून काढून दिली. उघडली तर आत सेल गळून पांढरा क्षार धरलेला, स्प्रिंग खाल्लेली. अल्कलाइन सेल विसरून राहिले की असे होते. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर सेल बाहेर काढून ठेवा. साध्या पेन्सिल सेलांऐवजी चार्ज होणारे 1.2 व्होल्टचे घेतले तर गळतीची भीती खूपच कमी.

17 ऑगस्टला टॉर्च परत आला. सोबत छापील कागद : ‘तपासणी केली. दोष आढळला नाही.’ टेबलावर ठेवून पेटवला असेल, पेटला असेल. चिठ्ठीत हादऱ्याचे लिहिले होते, ते कोणी वाचले नाही. त्याच रात्री तिसऱ्या पायरीवर उजेड थरथरला. मी वाटेतच उभी राहिले, रडू यायचे तेवढे बाकी होते.

19 तारखेला सुट्टी. सकाळी घराच्या सोप्यावर, ओसरीत बसले आणि ठरवले, आता मीच बघते. मागची टोपी फिरवून काढली. आधी सेल आत ठेवून, मंद उजेडाच्या मोडमध्ये, सेफ्टी पिन एका टोकाने सेलच्या मागच्या सपाट तळाला आणि दुसऱ्या टोकाने नळीच्या कडेला लावली. उजेड लागला. नळी हलवली, आपटली, उजेड स्थिर. म्हणजे पुढचे डोके ठीक, दोष मागच्या टोपीत. टोपीत डोकावले तर स्प्रिंगभोवती पितळी कडी, तिच्यावर समोरासमोर दोन बारीक खाचा. चिमट्याची दोन टोके त्या खाचांत घातली आणि उजवीकडे फिरवले. कडी जवळजवळ अर्धा फेरा फिरली. इतकी सैल होती. टॉर्चचा वीजप्रवाह नळीच्या अंगातून याच कडीवाटे बटणापर्यंत जातो. कडी हलली की उजेड तुटतो. नळीची उघडी कड काळवंडली होती, ती इस्पितळात वापरतो त्या स्पिरिटच्या कापसाने पुसली, कापूस काळा झाला. टोपी लावली. दहा वेळा तळहातावर आपटून बघितले. उजेड ढळला नाही. आजतागायत नाही.

सासऱ्यांना दाखवले. त्यांनी चष्मा लावून टोपीत पाहिले आणि म्हणाले, “आमच्या बॅटरीचंही असंच होतं. टोपी घट्ट केली की झालं.” मला फार आनंद झाला. एकोणचाळीस दिवसांत एवढा झाला नव्हता.

म्हणून आता कोणी विचारले की मी आधी हे सांगते : मागची टोपी हाताने उघडते का, आणि आत खाचांची कडी दिसते का. सेल आतच बंद करून टाकलेले, केबल लावून चार्ज होणारे टॉर्च सुंदर दिसतात, पण त्यांचा सेल दोन-तीन वर्षांनी थकला की पूर्ण वस्तू फेकायची. सेल सुटा निघत असेल आणि ठरावीक मापाचा असेल तर दुसरा मिळतो. 18650 हे त्याहून मोठे माप, पर्समध्ये चालेल, युनिफॉर्मच्या खिशात जड. या मापाच्या सेलावर 9,900 मिलिअँपिअर-तास (सेलात किती वीज मावते त्याचे माप) छापलेले दिसले तर तो घेऊ नका. चांगल्या कंपनीचा 2,500 ते 3,500 च्या दरम्यान असतो.

पाण्याचे बघाच. पाणी किती अडते ते आयपीएक्सच्या आकड्यावरून कळते. आयपीएक्स 4 म्हणजे नुसते शिंतोडे, आपल्या पावसाला ते पुरत नाही. आयपीएक्स 7 म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. टोपीजवळ पाणी अडवणाऱ्या रबरी कडीला वर्षातून दोनदा सिलिकॉन ग्रीसचे बोट फिरवा. खोबरेल किंवा दुसरे तेल नको, काही रबरे तेलाने फुगतात.

बटण शेपटीला असलेला घ्या, अंधारात अंगठ्याला पटकन सापडते. दरवेळी दाबल्यावर लुकलुकणारा मोड मधे येत असेल तर तो टॉर्च दुकानातच ठेवा. सगळ्यात मंद उजेड एका लुमेनच्या आत असेल तर उत्तम. रात्रपाळीला मी त्याच उजेडात सलाईन बघते, रुग्ण जागा होत नाही. आणि पर्समध्ये टाकताना टोपी पाव फेरा सैल करून ठेवा, म्हणजे चुकून पेटत नाही. घरी पोचून दार उघडायच्या आधी मी तेवढे करते.