फ्लेक्सच्या काळ्या पाठीवरचा बिबट्या

शिराळा, मंगळवार

चांदोलीकडच्या एका वाडीत राहणाऱ्या तात्यांची चित्रे आज निवांत पाहता आली. साखर कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी प्रथमच ब्रश हातात धरला आणि चित्रकलेचा धडा आजवर कोणाकडूनही घेतलेला नाही. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स उतरले की ते मागून आणतात आणि त्यांच्या काळ्या पाठीवर, दारेखिडक्या रंगवून उरलेल्या ऑइलपेंटने बिबटे, गवे आणि रानडुकरे काढतात.

बिबट्याचे ठिपके मात्र ते रंगवतच नाहीत. पिवळा रंग ठिपक्यांच्या कडेकडेने फिरवत नेऊन फ्लेक्सचा मूळ काळा तेवढा उघडा ठेवतात, त्यामुळे ते जनावर उसाच्या सरीतल्या अंधारातूनच घडल्यासारखे वाटते. जॉर्जियातील निको पिरोस्मानी (१८६२–१९१८) हा असाच स्वतः शिकलेला चित्रकार काळ्या मेणकापडावर रंगवताना काळा भाग तसाच सोडून देत असे. तात्यांनी ते नावही ऐकलेले नाही.

गव्याचे डोके फार मोठे आणि पाय आखूड झाले आहेत, असे एका चित्रकला शिक्षकांनी त्यांना सुनावले होते म्हणे. मला ते पटत नाही. रात्री शाळूच्या राखणीला गेलेल्या माणसाच्या बॅटरीच्या झोतात आधी डोकेच येते. गुडघ्याखालचे पांढरे पाय नंतर दिसतात, तेही उभे राहण्याचा धीर उरला असेल तर. ‘न शिकता एवढे जमले’ हे कौतुकही मला खटकते, कारण जनावर पाहण्याचे शिक्षण त्यांनी उभा जन्म घेतले आहे.

चांदोलीचे रान २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, तरी तात्यांच्या चित्रांत वाघ नाही. कारण विचारले तर म्हणाले, “बघितलाच न्हाई, तर काढू कसा?” जकात नाक्यावर नोकरी केलेल्या आँरी रूसोने फ्रान्सबाहेर पाऊल न टाकता १८९१ मध्ये वादळातला वाघ रंगवला आणि तो जगभर गाजला, हे मी त्यांना सांगितले. त्यांना ते फारसे रुचले नाही.

फ्लेक्स गुंडाळून ठेवल्याने घडीवरचा रंग तडकून पापुद्रे निघू लागले आहेत. ते भिंतीवर ताणून लावा असे सुचवल्यावर तात्यांनी विचारले, “आणि पावसाळ्यात कडब्याच्या गंजीवर काय टाकू?”