चार लाल नोंदी आणि न झालेली चौकशी

सातारा जिल्ह्यातल्या त्या माजी शिपायानं पिशवी उघडायच्या आधीच सांगून टाकलं, "साहेब, मला डिसमिस केलंय. पेन्शन काय मिळायची नाही, पण बघा." मुदतीआधी घरी आलेल्या प्रत्येक फौजीबद्दल गावात असंच बोलतात आणि कालांतरानं तोही तेच खरं मानतो. म्हणून अशा प्रकरणात मी सर्वांत आधी डिस्चार्ज बुकातली एकच ओळ बघतो, सेवामुक्तीच्या कारणाची. बडतर्फी असेल तर लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीतला नियम ११३ आधीची सगळी नोकरी पेन्शनसाठी बाद करतो. इथं लिहिलं होतं, आर्मी रूल्स १९५४, नियम १३(३), 'सेवेची गरज उरली नाही'. म्हणजे बडतर्फी नाही, साधा डिस्चार्ज. नियम ११३ आड येत नव्हता. आड येत होती ती नोकरीची मुदत. पेन्शनला १५ वर्षं लागतात आणि २००७ मध्ये घरी पाठवलं तेव्हा याची १३ वर्षं ४ महिने भरली होती.

मधल्या काळात कुणीतरी त्याला तूट माफ करण्याचा अर्ज लिहून दिला होता. तो फेटाळला गेला यात नवल नाही. तूट जास्तीत जास्त १२ महिन्यांची माफ होते, इथं ती २० महिन्यांची होती. तेव्हा सेवामुक्तीलाच आव्हान देणं भाग होतं.

घरी पाठवण्याचं कारण होतं कंडक्ट शीटवरच्या, म्हणजे वर्तणुकीच्या नोंदपत्रावरच्या, शिक्षेच्या लाल शाईतल्या चार नोंदी. तीन रजेवरून उशिरा हजर झाल्याच्या, आर्मी अॅक्टच्या कलम ३९ खालच्या; चौथी नशेत सापडल्याची, कलम ४८ खालची. चार रेड एंट्री झाल्या की घरी पाठवणारच, ही बराकीतली पक्की समजूत. लष्कर मुख्यालयाचं २८ डिसेंबर १९८८ चं पत्र मात्र वेगळं सांगतं. चार नोंदींमुळे सेवामुक्ती सक्तीची होत नाही. आधी निःपक्ष प्राथमिक चौकशी करायची, मग कारणे दाखवा नोटीस द्यायची. प्रत्येक गुन्हा कोणत्या स्वरूपाचा होता, जवान किती काळ कठीण ठाण्यांवर राहिला, पेन्शनच्या किती जवळ आला आहे, हे कमांडिंग ऑफिसरनं तपासायचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये वीरेंद्रकुमार दुबे खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या चौकशीशिवाय केलेली सेवामुक्ती रद्द ठरवली. आमचा सगळा डाव त्या निकालावर होता.

पण चौकशी झालीच नाही, हे दाखवायचं कसं? माहिती अधिकाराचा अर्ज थेट रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे केला, तोही जवानाच्या स्वतःच्या नावानं. वकिलाच्या नावानं केला तर 'त्रयस्थाची वैयक्तिक माहिती' म्हणून परत येऊ शकतो. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडली. अर्जात 'मला का काढलं' असं विचारू नये. कागदांची नावं लिहून प्रती मागाव्यात. आम्ही शीट रोल (जवानाचा सेवातपशील), कंडक्ट शीट, नोटीस, तिचं उत्तर, कमांडिंग ऑफिसरची शिफारस, ब्रिगेड कमांडरची मंजुरी आणि प्राथमिक चौकशीचं कामकाज मागितलं. पेन्शन न मिळालेल्यांची सेवाकागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करतात, मग लाँग रोल या कायम जपलेल्या नोंदवहीतल्या त्रोटक नोंदींवर भागवावं लागतं. इथं ती मुदत उलटलेली नव्हती.

बाकी सगळं आलं. चौकशीसमोर लिहिलं होतं, 'अभिलेखात उपलब्ध नाही'. अशा उत्तरावर लगेच खूश होऊ नये, कारण कागद होता पण नष्ट झाला, असा खुलासा पुढं येऊ शकतो. खरी गोष्ट निघाली ती शिफारशीच्या कागदात. त्यात चार नोंदींचा तक्ता होता आणि 'सुधारण्यास अपात्र' असा शेरा. चौकशीचा नुसता उल्लेखसुद्धा नव्हता, ना तारीख ना अधिकाऱ्याचं नाव. नोटीस आणि तिच्या उत्तरावर तारीख एकच, आणि उत्तर दोन ओळींचं: घरच्या अडचणी होत्या, माफी असावी.

हे दोन ओळींचं उत्तरच मला जास्त सतावत होतं. अशा मोघम उत्तरावर बाजू उलटते; पुढं २०१९ च्या सतगुर सिंग खटल्यात तसंच झालं. घरच्या अडचणींचा तपशील नाही, पुरावा नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं सेवामुक्ती कायम ठेवली. त्यामुळे प्रत्येक नोंदीच्या तारखांना घरचा कागद शोधला. एका नोंदीच्या काळात आईचा मृत्यू होता, ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतला उतारा मिळाला. दुसऱ्या वेळी मुलगा ग्रामीण रुग्णालयात होता, केसपेपर मिळाला. तिसऱ्या उशिराला काहीच सापडलं नाही, नशेच्या नोंदीला तर बचावच नव्हता. तसं सेवामुक्तीविरुद्धच्या अर्जात सरळ लिहिलं. कठीण ठाण्यांचा पुरावा डिस्चार्ज बुकातच होता, पदकांच्या रकान्यात सियाचीनचं पदक.

उशिराचा प्रश्न वेगळा. असा अर्ज जिथं करायचा त्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या कायद्यात अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. पेन्शन न मिळणं हा दर महिन्याला नव्यानं होणारा अन्याय म्हणता येतो, सेवामुक्ती मात्र एकदाच घडते. म्हणून विलंबमाफीचा स्वतंत्र अर्ज, त्यात प्रत्येक जुन्या निवेदनाची तारीख आणि रजिस्टर पोस्टाची पावती. 'कायद्याचं अज्ञान' हे कारण लिहिलंच नाही. ते फारसं कुणी ऐकत नाही.

न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठासमोरची सुनावणी अगदी छोटी झाली. सरकारी वकिलांनी 'सवयीचा गुन्हेगार' या शब्दांनी सुरुवात केली. पीठानं एवढंच विचारलं, चौकशी कुठे आहे? त्यांनी मूळ फाईल आणायला मुदत मागितली. पुढच्या तारखेला फाईल आली आणि आम्हाला मिळालेलेच कागद तिच्यात निघाले. विलंब माफ झाला, सेवामुक्ती रद्द झाली, १५ वर्षं पूर्ण होईपर्यंत तो सेवेत होता असं धरलं गेलं. मधल्या काळाचा पगार नाही, आणि थकबाकी अर्ज दाखल केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच. सर्वोच्च न्यायालयाच्या तारसेम सिंग निकालापासून (२००८) ती रेघ ठरलेली आहे. पाच-सहा वर्षांची पेन्शन अशी नुसत्या उशिरानं गेली.

आदेशानंतर गाडी अडली ती बायकोच्या नावावर. फौजेच्या नोंदीत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेत पुढं 'बाई' लावलेलं. कुटुंब निवृत्तिवेतनासाठी पीपीओत, म्हणजे पेन्शनच्या आदेशात, तिचं नाव बिनचूक हवं, नाहीतर त्याच्या माघारी तिलाच खेटे घालावे लागतात. प्रतिज्ञापत्र, विवाहनोंदणीचा दाखला आणि वर्तमानपत्रातली जाहिरात जोडून जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्ड ऑफिसला दुरुस्ती पाठवली. नाव दुरुस्त झालं, त्यानंतर पेन्शनचा दावा प्रयागराजला, लष्कराची पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयाकडे गेला.