टेलला असलेला देश

पाटबंधारे खात्यात माझी बत्तीस वर्षं गेली, त्यातली बरीचशी कालव्याच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. हेडला, कालव्याच्या सुरुवातीला, ऊस डोलत असतो आणि टेलचा शेतकरी रात्री बॅटरी घेऊन चारीवर, म्हणजे कालव्यातून निघालेल्या पाटावर, बसलेला असतो, आवर्तन, म्हणजे पाळीचं पाणी, पोचायची वाट बघत. म्हणून इराणच्या पूर्व टोकाचं सीस्तान मला कधी परकं वाटलं नाही. तो अख्खा मुलूखच टेलला आहे.

हेल्मंद नदी काबूलच्या पश्चिमेला हिंदुकुशात उगवते, हजारावर किलोमीटर अफगाणिस्तानातून वाहते आणि सरहद्दीवरच्या हामून सरोवरांत येऊन थांबते. पुढे समुद्र नाही. वरून सुटेल तेवढंच पाणी.

याच पाण्यावर इसवी सनापूर्वी ३२००च्या सुमारास एक शहर वसलं. आज त्याला शहर-ए-सोख्ता, म्हणजे जळालेलं शहर, म्हणतात. विस्तार सुमारे १५० हेक्टर. तिथले कारागीर अफगाणिस्तानातल्या बदख्शानातून आलेला लाजवर्द हा निळा दगड घासून मणी करत. खारट, कोरड्या मातीमुळे लाकूड आणि कापडसुद्धा टिकलं. २००६ साली तिथल्या एका बाईच्या थडग्यात डाव्या खोबणीत कृत्रिम डोळा सापडला, जवळपास ४८०० वर्षांपूर्वीचा. डांबरासारख्या मिश्रणाचा अर्धगोल, त्यावर रक्तवाहिन्यांसारख्या केसाएवढ्या बारीक सोन्याच्या तारा, आणि दोरी ओवायला कडेला दोन भोकं. एवढ्या निगुतीने कुणीतरी तो तिच्यासाठी घडवला, हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

इसवी सनापूर्वी १८००च्या आसपास शहर ओस पडलं. नदीने पात्र बदललं, हे त्यामागचं मोठं कारण मानतात. मला ते लगेच पटलं. चारी फिरली की वस्ती उठते, हे मी पाहिलंय.

१९७३च्या अफगाणिस्तानशी झालेल्या करारात इराणच्या वाट्याला सेकंदाला २६ घनमीटर पाणी आलं, तेही नदीला नेहमीएवढं पाणी असेल त्या वर्षी. कागदावरचं पाणी आणि चारीतलं पाणी यात किती अंतर असतं, ते टेलच्या माणसाला विचारा. १९९९नंतरच्या दुष्काळात हामून कोरडं पडलं. उन्हाळ्यात तिथे 'एकशेवीस दिवसांचा वारा' वाहतो. पूर्वी तो पाण्यावरून यायचा, आता सरोवराच्या तळाची माती उचलून झाबोल शहरावर ओततो. मासेमारी गेली, लव्हाळ्याच्या होड्या गेल्या.

सीस्तान म्हणजे मूळचं शकस्तान, शकांचा देश. त्या शकांपैकीच काही पुढे सिंधमार्गे आपल्याकडे आले. आमच्या नाशकात पांडवलेण्यांत, दहा नंबरच्या लेण्यात, क्षत्रप राजा नहपानाचा शक जावई उषवदात याचा लेख आहे. परवा पुन्हा जाऊन आलो. दिलेल्या गाई, गावं यांच्या जोडीला त्याने आणखी एक पुण्य नोंदवलंय: इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका या नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या नावा ठेवल्या. त्या ओळीखाली मी बराच वेळ उभा होतो.