आफ्रिकेत अजून आदिमानव राहतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. मानवशास्त्र शिकवतो म्हटलं की लग्नात, ट्रेनमध्ये, कुठेही पुढचा प्रश्न ठरलेला, "सर, आफ्रिकेत अजून आदिमानवासारखे राहणारे लोक आहेत ना?" रोख बहुतेक वेळा आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या कलहारी वाळवंटातल्या, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगत आलेल्या सान लोकांवर असतो, यूट्यूबवर धनुष्यबाण घेतलेली माणसं बघितलेली असतात.

तर नाही हो. मोरोक्कोत जेबेल इरहूदला आपल्याच प्रजातीच्या माणसाचे (होमो सेपियन्स) अवशेष मिळालेत ते साधारण ३ लाख वर्षांपूर्वीचे, आणि तिथपासूनचा काळ जेवढा तुमच्यामाझ्या पूर्वजांनी काढला तेवढाच सानांच्याही. डीएनएच्या अभ्यासात माणसांच्या वंशवृक्षावर त्यांची फांदी सगळ्यात आधी वेगळी झालेल्यांपैकी दिसते हे खरंय, पण फांदी फुटते तेव्हा दोन्ही बाजूंचं वय सारखंच ना!

आता प्रश्न अगदीच फुकटचा नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्ह नावाच्या गुहेत सुमारे ४४,००० वर्षांपूर्वीचे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी आणि हाडाची बारीक टोकं मिळाली, अगदी सानांच्या वस्तूंसारखी, आणि नंतरच्या काळातली एक खाचा पाडलेली काडी, ती बाणांना विष लावायची असावी असं २०१२ मध्ये संशोधकांनी मांडलं. (असे मणी आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण्यातही सापडलेत, म्हणून काय खानदेशातले लोक आदिमानव झाले का?)

मला स्वतःला जास्त भारी वाटतो तो सानांपैकी जूहोआन्सी लोकांचा बाण. विष एका भुंग्याच्या अळीचं, आणि ते टोकाला लावतच नाहीत, टोकाच्या मागे दांडीला लावतात, म्हणजे चुकून बोटाला टोक लागलं तरी जीव जायला नको. विष सावकाश चढतं, मोठं जनावर पडायला कधी कधी दिवस जातो, तोवर माग काढत फिरायचं. आणि मटण कोण वाटणार? ज्याने मारलं तो नाही, ज्याचा बाण तो! बाण एकमेकांना दिलेले असतात, त्यामुळे घरी बसलेल्या म्हाताऱ्याकडेही वाटपाचा मान येतो. वर शिकाऱ्याची थट्टा, कसलं हाडकुळं जनावर आणलंस म्हणून, कारण त्याच्या डोक्यात हवा जायला नको. रिचर्ड ली हा मानवशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात या लोकांत राहिला, त्याने ख्रिसमसच्या जेवणाला चांगला लठ्ठ बैल घेतला तर त्यालाही हेच ऐकवलं, बिचारा खरंच हिरमुसला होता.

हे सगळं मेंदू चालवून बसवलेलं आहे, गोठून राहिलेलं नाही. शेजारच्या गुराख्यांशी सानांचा संबंध शेकडो वर्षांचा, आज कित्येक जण मजुरी करतात, गुरं पाळतात.

२०१० मध्ये काही सान पुरुषांचे जीनोम (म्हणजे त्यांच्या डीएनएची माहिती) छापले गेले, तेव्हा त्यांचे नेते भडकले, समाजाला न विचारता केलंत आणि आमच्याबद्दल अपमानकारक लिहिलंत म्हणाले. मग २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सानांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली, त्यात आदर, प्रामाणिकपणा, न्याय, काळजी आणि आधी आमच्या कौन्सिलकडे (सानांच्या प्रतिनिधी मंडळाकडे) या ही अट. माझ्या वर्गात मी हल्ली आधी ती वाचायला देतो, बॉर्डर केव्ह नंतर.